काजूचा कारखाना टाकायला टांझानिया की बेनिन? दोन्हीकडे काम केल्यावर मला काय वाटतं

गेल्या काही महिन्यांत आजरा, चंदगड आणि इकडे सावंतवाडी-कुडाळ मिळून चार जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय. आफ्रिकेत काजूवर प्रक्रिया करायचं युनिट टाकायचं तर टांझानियात टाकू की बेनिनमध्ये? प्रत्येकाला फोनवर तासभर सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो. बी उकडायची, फोडायची, गर बोर्म्यात, म्हणजे वाळवायच्या भट्टीत, वाळवायचा, साल काढायची, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे, म्हणून मशिनरी आणि ग्रेडिंगबद्दल काही लिहीत नाही. आणि हे सगळं एका माणसाच्या अनुभवावरचं आहे. टांझानियातल्या म्त्वारात भाड्याच्या शेडमध्ये दोन सीझन आणि बेनिनमध्ये २०२३ पासून आत्तापर्यंत, एवढंच माझं भांडवल. दुसऱ्या कुणाला उलटा अनुभव आला असेल तर तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही.

तिकडे जायचंच कशाला, हा प्रश्न घरात पहिल्यांदा वडिलांनी विचारला होता. आपल्याकडची बी मार्च ते मे, फार तर जूनच्या पहिल्या पावसापर्यंत, आणि कारखाना वर्षभर चालवायचा तर बाहेरची बी आणावीच लागते. जगातली निम्म्याहून जास्त बी आज आफ्रिकेत पिकते आणि तिच्यातली बहुतेक न फोडता, पोत्यात भरून आपल्याकडे किंवा व्हिएतनामला जाते. म्हणजे तिकडच्या शेतकऱ्याच्या शेतातली बी, मजुरी आपल्याकडची, आणि गर परत युरोपात. तिकडच्या सरकारांना हे आता बोचायला लागलंय, आणि ते बरोबरच आहे. बी बाहेर न्यायची असेल तर कर भरा, नाहीतर इथेच फोडा, असं एकेक देश म्हणायला लागला. त्यातून आपल्यासारख्या छोट्या माणसावर हा निर्णय येऊन पडलाय.

आता दोन्ही देश जरा मोठ्या चित्रात कुठे बसतात ते सांगतो, कारण त्याचा पुढे संबंध आहे. संयुक्त राष्ट्रांची सर्वात कमी विकसित देशांची एक यादी आहे, १९७१ मध्ये २५ देशांपासून सुरू झाली, आज तिच्यात ४४ देश आहेत आणि टांझानिया, बेनिन दोघंही त्यात आहेत. जुलै २०२० मध्ये जागतिक बँकेने दोघांनाही एकाच वेळी गरीब गटातून निम्न-मध्यम उत्पन्नाच्या गटात टाकलं, पण या यादीतून बाहेर पडायला नुसतं उत्पन्न पुरत नाही, शिक्षण-आरोग्य काय आहे आणि एका झटक्याने अर्थव्यवस्था कोसळेल का हेही बघतात. उंकटाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-विकास संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये या सगळ्या देशांत मिळून थेट परकीय गुंतवणूक आली सुमारे ३१ अब्ज डॉलर. ऐकायला मोठी रक्कम वाटते, पण जगभरात अशी जेवढी गुंतवणूक होते तिच्या अडीच टक्क्यांच्याही आत, आणि माणसं बघायला गेलं तर जगातल्या दर सातांमागे साधारण एक जण या देशांतला. शिवाय तेवढ्यातलीही जवळपास निम्मी पाच देशांनी उचलली, इथिओपिया, कंबोडिया, बांगलादेश, युगांडा, सेनेगल. उरलेल्यांनी उरलेलं वाटून घ्यायचं. टांझानियात वर्षाला साधारण दीड अब्जाच्या आसपास येतात, बेनिन त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही.

आणि या आकड्यांत बराचसा पैसा गॅस, तेल, खाणी यांचा असतो, तो एकदम येतो आणि एकदम थांबतो. म्त्वारात होतो तेव्हा हे जवळून बघितलं. रुवुमा नदी ओलांडली की मोझांबिकचा काबो देलगादो प्रांत, तिथे पाल्माजवळ २० अब्ज डॉलरचा गॅस प्रकल्प, त्यात आपल्या ओएनजीसी विदेश, भारत पेट्रोलियम आणि ऑइल इंडिया यांचा मिळून ३० टक्के हिस्सा. मार्च २०२१ मध्ये पाल्मावर दहशतवाद्यांचा हल्ला झाला, पुढच्याच महिन्यात काम थांबलं, ते थांबवल्याची रीतसर घोषणा मागे घ्यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. या प्रकल्पाच्या एका पाईपच्या किमतीत माझ्यासारखे किती कारखाने झाले असते माहीत नाही, पण काजू फोडायच्या शेडमध्ये साठ बायका रोज कामाला येतात आणि गॅसच्या जहाजावर त्या साठजणींना काम नसतं. म्हणून मला वाटतं की गरीब देशात गुंतवणूक वाढली की घटली हे मोजताना ती कशात झाली हे आधी विचारलं पाहिजे.

असो, मूळ विषयावर येतो.

बी कुणाची चांगली, तर टांझानियाची, यात माझ्या मनात शंका नाही. नेवाला, मासासी, तांदाहिंबा या पट्ट्यातली, मकोंदे पठारावरची बी हातात घेतली की वजन कळतं. माझ्या हातून गेलेल्या मालात ८० किलोच्या पोत्यामागे ५० पौंडांच्या वर गर सहज निघायचा, बेनिनची चांगली बी ४७-४८ ला असते आणि त्याबद्दलही तक्रार नाही. पश्चिम आफ्रिकेत बेनिनची बी वरच्या नंबरातच धरतात. दुसरी गोष्ट म्हणजे हंगाम. टांझानियाची बी ऑक्टोबर ते जानेवारी, म्हणजे आपल्याकडचे कारखाने रिकामे असतात तेव्हा. बेनिनची फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, म्हणजे बरोब्बर आपल्याच हंगामावर चढून बसते. इथला कारखाना चालू ठेवून नुसती बी आणायची असेल तर हा मुद्दा एकटाच पुरेसा आहे, पुढचं वाचलं नाही तरी चालेल, टांझानिया घ्या.

जायला-यायलाही टांझानिया सोपं. मुंबईहून दार-एस-सलामला थेट विमान, तिथे पिढ्यान्पिढ्या राहिलेले गुजराती, थोडी मराठी मंडळी, कागदपत्रं इंग्रजीत, बँकेतला माणूस इंग्रजीत बोलतो. स्वाहिलीत दुकानाला दुका, गाडीला गारी, चपातीला चपातीच म्हणतात, तिसऱ्या दिवशी माणूस रुळतो. बेनिनला जायचं म्हणजे आदिस अबाबा नाहीतर पॅरिस-इस्तंबूल करत कोतोनूला उतरा, आणि उतरल्यापासून सगळं फ्रेंच. काजूला ते अनाकार्द म्हणतात हे सुद्धा मला तिथे गेल्यावर कळलं. भाड्याचा करारनामा दुभाष्याकडून वाचून घेतला होता, तरी देखभालीच्या खर्चाचं एक कलम माझ्या लक्षात आलं नाही आणि पहिल्या वर्षी त्यात पैसे गेले. हा बेनिनचा खरा त्रास आहे आणि तो मी कमी करून सांगत नाही. पुतण्याला फ्रेंच शिकायला पाठवलं तेव्हा कुठे तो सुटला.

एवढं सगळं टांझानियाच्या बाजूने असताना मी तिथून का उठलो, ते सांगतो. कारण एकच, गोदामाचा रिलीजचा कागद.

तिथली पद्धत अशी आहे की शेतकरी बी आपल्या गावच्या सहकारी संस्थेत देतो, तिथून ती मोठ्या गोदामात जाते, गोदामाची पावती बनते आणि हंगामात लिलाव होतात. २००७ पासून ही पद्धत आहे. शेतकऱ्यांना भाव पटला नाही तर ते नाही म्हणू शकतात, आणि शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर ही पद्धत चांगली आहे असं मला मनापासून वाटतं. ऑक्टोबर २०२४ च्या पहिल्या लिलावात भाव किलोला ४००० शिलिंगच्या वर गेला होता, दारात येणाऱ्या दलालाने तो कधीच दिला नसता. पण मी होतो तेव्हा कारखानदार आणि परदेशी निर्यातदाराचा एजंट दोघांना एकाच रांगेत उभं राहावं लागायचं, तो दहा हजार टन उचलतो आणि मला दोनशे टन हवेत. वर्षभराची बी आठ-दहा आठवड्यांत घेऊन ठेवायची, पैसे ठरलेल्या दिवसांत भरायचे आणि मग गोदामाकडून माल सोडायचा कागद मिळण्याची वाट बघायची.

दुसऱ्या सीझनला, २०२२ च्या नोव्हेंबरात, मी दोन गोदामांत मिळून १८० टन घेतले. पैसे मुदतीच्या दोन दिवस आधी भरले. एका गोदामाचा कागद पाच दिवसांत आला. दुसऱ्याचा यायला एकोणीस दिवस लागले. आधी लॉट नंबर चुकीचा टाइप झाला म्हणून, मग पोत्यांच्या मोजणीत तीन पोती कमी भरली म्हणून पुन्हा सगळी मोजणी, मग सही करणारा माणूस दुसऱ्या गावी लिलावाला गेला म्हणून, मग शनिवार-रविवार. कुणी पैसे मागितले असं नाही, कुणी उर्मटही बोललं नाही, रोज सकाळी मी जायचो आणि रोज मला खुर्ची देऊन उद्या या म्हणून सांगायचे. तीन ट्रक दारात उभे, त्यांचं रोजचं भाडं चालू. शेडमध्ये बायका येऊन बसायच्या, त्यांना परत पाठवणं मला जमलं नाही, मी अर्धी मजुरी देत राहिलो कारण त्या दहा-बारा किलोमीटर चालत यायच्या. आणि डिसेंबर उजाडला की तिकडे पाऊस. कागद मिळाला त्याच्या आदल्या रात्री पाऊस पडला होता आणि गोदामाच्या एका कोपऱ्याचं छप्पर गळत होतं.

आमच्या आजऱ्याच्या कारखान्यात पंचवीस वर्षं काम केलेल्या एक काकी, मूळच्या कुडाळच्या, मी त्यांना तिकडच्या बायकांना शिकवायला नेलं होतं. त्यांनी पहिलं पोतं उघडलं, मूठभर बी हातात घेतली, नुसती खुळखुळवली आणि म्हणाल्या, "ही आत्ताच उकडू नको, आधी तीन दिस उन्हात घाल, नायतर गर काळो पडतलो." ऊन नव्हतं. त्या लॉटमधला गर जेवढा पांढरा निघायला हवा होता तेवढा निघाला नाही, डागाळलेला आणि तुकडा जास्त निघाला, आणि डब्ल्यू-३२० या अख्ख्या पांढऱ्या गराच्या ग्रेडच्या आणि डागाच्या मालाच्या भावात किती फरक असतो ते तुम्हाला माहीत आहे. त्या एका लॉटने सीझनचा नफा खाल्ला. पण पैशापेक्षा मला जास्त लागलं ते हे, की माझ्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं. बी माझी, पैसे भरलेले, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत भिजतेय.

त्या डिसेंबरात मी बेनिनची चौकशी सुरू केली.

बेनिनने ठरवलं होतं की १ एप्रिल २०२४ पासून कच्ची काजूबी देशाबाहेर जाणार नाही, सोयाबीनही नाही. आणि कोतोनूपासून ४५ किलोमीटरवर ग्लो-जिग्बे म्हणून औद्योगिक वसाहत उभी केली, सरकार आणि अराइज नावाची कंपनी मिळून. हीच कल्पना गाबोनमध्ये आधी झाली होती, २०१० मध्ये त्यांनी लाकडाचे ओंडके न कापता बाहेर न्यायला बंदी केली आणि न्कोकची वसाहत काढली. तेच काजूला आणि कापसाला लावलं. मला सुरुवातीला भीती वाटली, सरकारी वसाहती कागदावर छान असतात हे आपण आपल्याकडेही बघितलंय. पण कंपनीची नोंदणी मी सावंतवाडीतून घरी बसून ऑनलाइन केली आणि ती एका दिवसात झाली, ती यंत्रणा उंकटाडच्या मदतीने बनवलेली आहे. शेड तयार, वीज शेडपर्यंत आलेली, कस्टमचा माणूस वसाहतीतच बसतो.

आणि बी घ्यायची पद्धत. पाराकू हे उत्तरेकडचं मोठं गाव, तिथे बी गोळा करणारे व्यापारी असतात. सकाळी कटिंग टेस्ट करायची, म्हणजे थोडी बी कापून आतला गर बघायचा, पटलं तर भाव ठरवायचा, दुपारी वजन, संध्याकाळी ट्रक भरून निघतो, चारशे-सव्वाचारशे किलोमीटर रात्रीतून खाली येतो. पैसे दिले आणि माल हातात आला, यामध्ये कुणाच्या सहीचा कागद नाही. भिजली तर माझ्या चुकीने भिजली, सुकली तर माझ्या मेहनतीने. समुद्र जवळ असल्यामुळे वसाहतीत दमटपणा आहे, म्हणून मी आता बी पाराकूलाच दोन-तीन दिवस वाळवून घेतो, आणि हा निर्णय मी घेऊ शकतो, हीच गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

पण एक गोष्ट मला खुपते आणि ती न सांगता बेनिनची शिफारस करणं मला बरोबर वाटत नाही. बंदीमुळे परदेशी खरेदीदार बाजारातून गेला, म्हणजे शेतकऱ्यासाठी गिऱ्हाईक कमी झालं. सरकार किमान भाव जाहीर करतं, पण टांझानियाच्या लिलावात जशी चढाओढ लागते तशी इथे लागत नाही, आणि त्याचा फायदा माझ्यासारख्या कारखानदाराला होतो. म्हणून थोडी बी चोरून शेजारच्या देशांत जाते, आणि त्या शेतकऱ्याला मी दोष देऊ शकत नाही. मी स्वतः किमान भावापेक्षा थोडं वर देतो आणि त्याच माणसांकडून दरवर्षी घेतो, मला त्यातच समाधान आहे. टांझानियाने तुलनेने मधला रस्ता धरलाय, कच्च्या बीवर निर्यातकर लावतात, एफओबी किमतीच्या, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या किमतीच्या, १५ टक्के किंवा टनाला १६० डॉलर, जे जास्त असेल ते, पण दार बंद करत नाहीत. शेतकऱ्याच्या नजरेतून विचारलंत तर कदाचित टांझानियाच बरं.

दार कसं उघडं-बंद करायचं यावर मोझांबिकचं उदाहरण मला नेहमी आठवतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काजूत तो देश जगात पहिला होता, स्वतःचे कारखाने होते. मग यादवी झाली, आणि नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या अटीने कच्च्या बीवरचा निर्यातकर कमी केला, बी आपल्याकडे यायला लागली, तिकडचे कारखाने पटापट बंद पडले आणि हजारो कामगार, त्यात पुष्कळ बायका, घरी बसले. म्हणजे आपल्याकडच्या शेडमधल्या मजुरीमागे तिकडचं कुणाचं तरी काम गेलेलं होतं. हे कळल्यापासून तिकडे कारखाना टाकणं मला नुसता धंदा वाटत नाही.

पैशाचं सांगतो. बेनिनमध्ये सीएफए फ्रँक आहे, युरोला ६५५.९५७, हा दर ठरलेला आहे. १९९४ च्या जानेवारीत एकदा त्याची किंमत एका रात्रीत निम्मी केली होती, तेव्हा कायमचं काहीच नसतं हे खरं, पण माझा गर युरोपात जातो आणि पैसे युरोत येतात, तर मला झोप लागते. गरीब देशांतला माल युरोपात बिनजकात जातो, त्यामुळे दोन्ही देश तिथे सारखेच. टांझानियात शिलिंग खालीवर होतो, आणि २०२३ मध्ये उरलेले पैसे बाहेर काढायचे होते तेव्हा देशात डॉलरचीच टंचाई होती, बँकेत आज या, पुढच्या आठवड्यात या करत करत बरेच दिवस गेले. आता सुधारलंय म्हणतात आणि मी गेल्या सीझनला बी घेतली तेव्हा मला अडचण आली नाही.

इथून पैसे नेण्याबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. एकटा माणूस रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेऊ शकतो. टांझानियात परकीय मालकाला गुंतवणुकीच्या सवलती हव्या असतील तर पाच लाख डॉलरची गुंतवणूक दाखवावी लागते. म्हणजे एकट्याने जायचं तर दोन वर्षं, नाहीतर भागीदार किंवा कंपनीतून. हे आधी सीएकडे बसून बघा, मी ते तिथे पोचल्यावर बघितलं आणि म्हणून भाड्याच्या शेडवर राहिलो. गर परत भारतात आणून विकू असा विचार असेल तर तोही सोडा, २०१९ पासून अख्ख्या गराला किलोमागे ७२० आणि तुकड्याला ६८० रुपयांच्या खाली आयात करता येत नाही.

मग राहिली ती सरकारची भीती, जी आपल्या लोकांना सगळ्यात जास्त असते. टांझानियात २०१८ मध्ये व्यापाऱ्यांनी भाव पाडला म्हणून राष्ट्राध्यक्ष मागुफुलींनी सगळी बी सरकारने ३३०० शिलिंगने घ्यायची ठरवली आणि लष्कराला माल उचलायला पाठवलं. म्त्वारात अजून लोक त्या वर्षाबद्दल बोलतात. २०२५ मध्ये २९ ऑक्टोबरला, मतदानाच्या दिवशीच, देशभर इंटरनेट बंद झालं, ऐन काजूच्या हंगामात, माझा माणूस तिकडे होता आणि कित्येक दिवस त्याच्याशी नीट बोलणं झालं नाही, घरच्यांची काय अवस्था झाली ते मी बघितलंय. बेनिन शांत म्हणावं तर डिसेंबर २०२५ मध्ये लष्करातल्या काहींनी बंडाचा प्रयत्न केला, तो त्याच दिवशी मोडला, आणि उत्तरेला बुर्किना फासो आणि नायजरच्या सीमेलगत हल्ले होतात. पाराकू त्या भागापासून खाली आहे, पण मी अंधार पडल्यावर पाराकूच्या वर जात नाही आणि माझ्या माणसांनाही पाठवत नाही. या मुद्द्यावर मी कुणालाच वरचढ म्हणणार नाही.

म्त्वाराच्या बंदराबद्दल एक सांगायचं राहिलं. सुंदर खोल नैसर्गिक बंदर आहे. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे शेंगदाण्याची अवाढव्य शेती करायची ठरवली, ३ कोटी ६० लाख पौंड घातले, जमीन-पाऊस कसा आहे ते न बघता ट्रॅक्टर उतरवले आणि १९५१ मध्ये सगळं गुंडाळलं. त्या योजनेसाठी बांधायला घेतलेलं बंदर तेवढं राहिलं, आज काजू तिथून जातो. शेडमधून संध्याकाळी मी त्या धक्क्यावर जाऊन बसायचो. टांझानियाच्या सरकारनेही नंतर कर्ज काढून मोठाले काजू कारखाने बांधले होते, त्यातले कित्येक वर्षानुवर्षं बंद राहिले. बाहेरून पैसा येणं आणि तो तिथल्या मातीत रुजणं यात किती अंतर असतं ते त्या एका गावात बसून दिसतं.

कामगारांबद्दल मात्र दोन्हीकडे एकच अनुभव. पहिले तीन महिने अख्खा गर निघायचं प्रमाण बघून जीव खाली-वर होतो, सहाव्या महिन्यापासून त्या बायका आपल्याकडच्यांच्या बरोबरीला येतात. घाई करणारा मुकादम ठेवू नका, उकडलेली बी रात्रभर गार होऊ द्या, बाकी हात तयार होतात. वसाहतीत आजूबाजूला कपड्यांचे कारखाने आहेत, तिकडे चांगल्या हाताच्या मुली निघून जातात हा बेनिनचा नवा प्रश्न आहे. म्त्वारात दुसरं कामच नसल्यामुळे बायका टिकतात. मी पीसरेट, म्हणजे कामाच्या मापावर मिळणारी मजुरी, थोडा वाढवला आणि मुलांसाठी एक खोली सोडली, तेव्हापासून गळती कमी आहे.

तर आजऱ्याच्या मित्राला, ज्याचा इथला कारखाना भरल्या हंगामात नीट चालतो आणि ज्याला फक्त नोव्हेंबर-डिसेंबरची बी हवी आहे, त्याला मी टांझानियाच सांगितलं. लिलाव आता ऑनलाइन झालाय आणि माझ्या वेळेपेक्षा कामं जरा सरळ होतात असं दिसतं. चंदगडच्या दोघा भावांना, ज्यांना तिकडेच राहून गर काढायचा आहे आणि ज्यांच्यापैकी एकाला फ्रेंच शिकायची तयारी आहे, त्यांना बेनिन. कुडाळच्या गृहस्थांचा निर्णय अजून व्हायचा आहे. त्यांना म्हटलं एकदा मार्चमध्ये पाराकूला आणि एकदा नोव्हेंबरमध्ये म्त्वाराला माझ्याबरोबर चला, गोदामाबाहेर दोन दिवस उभे राहा आणि मग सांगा.

मी स्वतः येत्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा म्त्वाराला जातोय, आजऱ्यासाठी शंभर टन घ्यायला. पैसे भरल्यापासून माल हातात येईपर्यंत बारा दिवस धरून हिशेब मांडलाय, आणि ताडपत्र्या इथूनच नेतोय.